रकाना नसलेली भीती

मी तेवीस वर्षांचा. मानसशास्त्र शिकून आपल्या भंडारा जिल्ह्यात समुपदेशक झालो. पहिल्याच दिवशी मोहाडीकडची एक माय आली. "बापू, तू तं लेकरू. तुले काय सांगू?" बोटं विड्या वळून झिजलेली. झोप नाही. 29 सप्टेंबर 2006ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं, तवापासून रात्री दोनदा उठून कडी पाहते. माझ्या छापील फॉर्मात ह्याला 'चिंता' म्हणतात. जात लिहायला रकानाच नाही! 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 18 जातीवरून भेद न करता उपचाराचा हक्क देतं. तो भांडून घ्याच. पण तिची भीती खोटी कुठंय, की मी ती बरी करू?

फॉर्म बाजूला सारला. "सांग माय," म्हटलं. दोन तास बोलली.