धबधब्याची स्टेज



शाळेच्या आजच्या बक्षीस समारंभात मी बोलायचं ठरलं, तेव्हा मुख्याध्यापक सरांनी फोनवर विचारलं, "विषय काय घेणार?" मी म्हटलं, "व्हिडिओ गेम." पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग सर म्हणाले, "बोल. पण मनापासून बोल." तेवढीच अट आहे, आणि ती पाळणं मला सोपं आहे.

नाशिकला मी कारखान्यातल्या यंत्रांचे पडदे आखते. यंत्रासमोर आठ तास उभ्या असलेल्या माणसाला कोणतं बटण कुठे दिसावं, बिघाड झाला तर तो पहिल्या नजरेत कसा कळावा, हे ठरवणं माझं काम. त्याचं शिक्षण कॉलेजात झालं. गोडी मात्र इथे, निफाड तालुक्यातल्या आमच्या घरात लागली.

दादा सातवीत आणि मी पाचवीत असताना बाबांनी दिवाळीला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. कॅसेट लागली नाही की ती काढायची, तोंडाशी धरून फुंकर मारायची, पुन्हा घालायची. कंट्रोलर हा शब्द आम्हाला ठाऊक नव्हता, आम्ही त्याला रिमोट म्हणायचो. त्या कॅसेटमध्ये कॉन्ट्रा होता. कोनामी या जपानी कंपनीचा, १९८७ सालचा. दोन सैनिक, प्रत्येकाला तीन लाइफ, एक गोळी लागली की एक लाइफ गेली. दोघांनी एकाच वेळी, एकाच पडद्यावर खेळायचं.

तिसऱ्या स्टेजला धबधबा लागतो. तिथे पुढे पळायचं नसतं, खडकांवरून उड्या मारत वर चढायचं असतं. एक जण भराभर वर गेला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो, आणि खाली राहिलेला पडद्याबाहेर जाऊन मरतो. त्याला शत्रूची गोळी लागलेली नसते. जोडीदार पुढे गेला, एवढंच झालेलं असतं.

पहिले आठ दिवस दादाने मला तिथे रोज मारलं. मी रडत आईकडे गेले. आई भाकऱ्या थापत होती. ती तिथूनच ओरडली, "दोघं वर पोचणार असाल तर खेळा, नाहीतर मी ते बंद करते." दुसऱ्या दिवशी दादा एका खडकावर चढला आणि थांबला. वरून गोळ्या येत होत्या, त्या चुकवत तिथेच उड्या मारत राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आलीस?" मी चढले. मग पुढचा खडक. "आलीस?" असं करत आम्ही तो धबधबा पार केला. पुढे मी कितीतरी महागडे, कितीतरी देखणे गेम खेळले. माझ्या यादीत कॉन्ट्रा वरच आहे, तो त्या धबधब्यामुळे.

कॉन्ट्राची एक युक्ती होती. सुरुवातीच्या पाटीवर रिमोटची बटणं दाबायची: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. की तीनच्या जागी तीस लाइफ. काझुहिसा हाशिमोतो नावाच्या कोनामीच्या माणसाने ही खूण आधी ग्रेडियस या गेमसाठी, १९८६ मध्ये केली, कारण तपासताना तो गेम त्याला स्वतःलाच झेपत नव्हता. जपानमधल्या एका माणसाची ही सोय इंटरनेट नसताना आमच्या गावापर्यंत पोचली. कोणाच्या तरी मामेभावाने कोणाला तरी सांगितली असणार. आम्ही ती पाढ्यासारखी पाठ केली होती.

प्रिन्स ऑफ पर्शिया हा गेम मी याच शाळेत खेळले. त्या कोपऱ्यातल्या संगणक कक्षात, चपला बाहेर काढून. राजकन्येला वाचवायला गेममध्ये ६० मिनिटं मिळायची आणि आमचा तास ३५ मिनिटांचा. त्यामुळे शेवट मी कॉलेजात गेल्यावर पाहिला.

जॉर्डन मेकनर या तरुणाने तो जवळजवळ एकट्याने केला, आणि गेम १९८९ मध्ये आला. राजपुत्राचं धावणं-लोंबकळणं इतकं खरं वाटतं, कारण त्याने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि एकेक चित्र त्यावरून उतरवलं. पण मला सांगायचंय ते त्यातल्या सावलीबद्दल. ज्यावर तो गेम करत होता त्या ॲपल टू संगणकाची मेमरी संपत आली होती. नवा शत्रू काढायला जागा उरली नव्हती. तेव्हा त्याने राजपुत्राचंच चित्र वेगळ्या तऱ्हेने दाखवून त्याची सावली केली. राजपुत्र आरशातून आरपार उडी मारतो, आणि ती सावली पलीकडून बाहेर पडते. पुढे ती तुमचं औषध पिऊन टाकते, तुमच्या तोंडावर दार बंद करते. शेवटी तलवार घेऊन समोर उभी राहते. तुम्ही वार करता, आणि जखम तुम्हाला होते. मी कितीदा मेले याची गणती नाही. मग एकदा काय सुचलं कोण जाणे, तलवार म्यान केली. तिनेही केली. मी तिच्या अंगावर चालत गेले आणि आम्ही दोघी एक झालो. त्या रात्री हॉस्टेलवर मला झोप आली नाही. मेमरी कमी पडली म्हणून सुचलेली ही गोष्ट भरपूर जागा असती तर सुचली असती, असं मला वाटत नाही.

टेट्रिसबद्दल माझं मत अनेकांना पटणार नाही. अलेक्सेई पाजितनोव यांनी तो १९८४ मध्ये मॉस्कोत केला, ज्या संगणकावर चित्रं काढायची सोयच नव्हती त्यावर, कंसांच्या चिन्हांतून ठोकळे रचून. सात आकारांत एवढं काही बसवणं ही फार मोठी बुद्धी आहे. मी तिला नमस्कार करते. पण त्या गेममध्ये मला एकटं वाटतं, म्हणून मी तो फारसा खेळत नाही.

पेपर्स, प्लीज मात्र पुन्हा पुन्हा खेळते. लुकास पोप यांचा, २०१३ चा. तुम्ही एका काल्पनिक देशाच्या सीमेवरचे कारकून. खिडकीशी माणसं येतात, कागद तपासायचे, शिक्का मारायचा. जितकी माणसं नीट तपासाल तितका पगार. चुका वाढल्या की पगार कापला जातो आणि घरी मूल आजारी आहे. एक नवरा येतो, त्याचे कागद बरोबर आहेत. मागून त्याची बायको येते, तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नाही. ती विनवणी करते. काय कराल? मी पहिल्यांदा तिला परत पाठवलं. बोट बटणावर होतं, नियम माझ्या बाजूने होता, आणि मला दिवसभर वाईट वाटत राहिलं. दाखल्यासाठी कधी रांगेत उभे राहिला असाल तर खिडकीच्या बाहेरची बाजू तुम्हाला माहीत आहे. हा गेम आतली बाजू दाखवतो.

मुलांनो, तुमच्यातले बरेच जण बीजीएमआय हा मोबाईलवरचा लढाईचा गेम खेळता, मला माहीत आहे. लहान होत जाणारं वर्तुळ ही त्याची सुंदर रचना आहे. लपून बसलेल्यालाही ते उठवतं आणि समोरासमोर आणतं. आणि खाली पडलेल्या मित्राला उठवायला कोणी गोळीबारात धावत जातो, तेव्हा मला आमचा धबधबा आठवतो.

मला राग येतो तो दुसऱ्याच प्रकारच्या गेमचा. लाइफ संपल्या की अर्धा तास थांबा किंवा पैसे भरा म्हणणारे, ज्यांना शेवटच नाही असे मोबाईलवरचे गेम. कोणता रंग डोळा खेचतो, कोणता आवाज हात थांबू देत नाही, याचं ज्ञान माझ्याही कामात लागतं. आम्ही ते कामगाराचं बोट यंत्रात जाऊ नये म्हणून वापरतो. तेच ज्ञान दहा वर्षांच्या मुलाला झोपू न देण्यासाठी वापरलेलं पाहिलं की मला सहन होत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, तो मला योग्य वाटतो.

पुण्यात झालेला राजी हा गेम मात्र खेळा. २०२० चा. सर्कशीतली मुलगी राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघते. शेवट घाईत उरकल्यासारखा वाटतो, पण पहाडी चित्रशैलीतून आलेली त्यातली चित्रं बघायला मी लढाई सोडून थांबायचे.

आता स्टारड्यू व्हॅली. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने साडेचार वर्षं एकट्याने बसून चित्रं, संगीत, प्रोग्राम सगळं केलं, २०१६ मध्ये गेम आला. शहरातल्या नोकरीला कंटाळलेला माणूस आजोबांच्या शेतावर येतो. पार्सनिप नावाचा कंद आहे: बी २० ला, चार दिवसांत काढणी, विक्री ३५ ला. माल पेटीत टाकायचा, सकाळी पैसे हजर. मी त्यात रमले. गावाकडे आले तेव्हा दादाला दाखवला. दादा शेतीच करतो, कांदा लावतो. अर्धा तास त्याने नीट मन लावून खेळला. मग विचारलं, "आवक वाढली तर?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"आज मी शंभर नग टाकले, उद्या हजार टाकले, तरी भाव पस्तीसच?"

"हो."

"आणि मजूर? काढणीला कोणी लागत नाही?"

"नाही."

तो बराच वेळ पडद्याकडे बघत होता. लासलगावच्या कांद्याच्या लिलावात ट्रॅक्टर रांगेत लावून बसलेला माणूस आहे तो. मला वाटलं, नावं ठेवेल. तो म्हणाला, "चांगलाय गं. असं असायला हवं होतं."

त्या एका वाक्याने मला तो गेम नव्याने दिसला. बॅरोनने शेती दाखवलेली नाही, शेतकऱ्याला पडावं असं स्वप्न दाखवलंय. पण दुसरा गेम अजून कोणी केलेला माझ्या पाहण्यात नाही: चाळीत कांदा आहे, भाव पडलाय, थांबलो तर सडेल, विकला तर वाहतूकही सुटणार नाही, आणि सकाळी निर्यातबंदीची बातमी आलीये. तो निर्णय पेपर्स, प्लीजमधल्या खिडकीइतकाच अवघड आहे. हा गेम मॉस्कोत किंवा अमेरिकेत होणार नाही. ज्याच्या घरी कांद्याची चाळ आहे तोच तो लिहू शकेल, आणि अशी घरं या मंडपात भरपूर आहेत. प्रोग्राम लिहायचा कसा, ते मी शिकवीन. महिन्यातून एक शनिवार द्यायचं मी सरांशी बोलून ठरवलंय.

दादा आज आलाय, मागे खांबापाशी उभा आहे. बक्षीस वाटप झालं की आम्ही संगणक कक्षात जाणार आहोत. मी दोन रिमोट आणि कॉन्ट्रा आणलाय. पहिला डाव आमचा, मग तुम्ही दोघादोघांनी या. युक्ती मघाशी सांगितलीच आहे. तीस लाइफ घ्यायच्या की तीनच, ते जोडीदाराला विचारून ठरवा.