ट्रॅक्टरच्या गळक्या रेडिएटरला डाख कसा द्यावा?



ऐन नांगरटीत रेडिएटर गळू लागला की काहीजण त्यात हळद टाकून वेळ भागवतात. गळती तात्पुरती थांबते. पण तोच गाळ बारीक नळ्यांत बसतो, इंजिन तापते आणि हेड वाकते. थोडक्यात होणारे काम मग हजारोंवर जाते. गळती शोधून डाख देणे हाच खरा उपाय.

प्रथम रेडिएटर कशाचा आहे ते पाहावे. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला कथील-शिशाचा डाख धरतो. अनेक नव्या गाड्यांत ॲल्युमिनियमच्या नळ्या व प्लास्टिकच्या टाक्या असतात. त्यांना हा डाख चालत नाही.

इंजिन थंड झाल्याशिवाय झाकण उघडू नये. उकळते पाणी अंगावर उसळते. पाणी काढून रेडिएटर उतरवावा. तोंडे बंद करून तो हौदात बुडवावा व सायकलच्या पंपाने हळूहळू हवा भरावी. झाकणावर लिहिलेल्या दाबापुढे जाऊ नये. बुडबुडे निघतील तेथे खूण करावी.

आता रेडिएटर पूर्ण वाळवावा. आत पाणी राहिल्यास ते उष्णता ओढून घेते आणि डाख नीट वितळत नाही. खुणेभोवतीचा रंग व हिरवट थर तांबे चकाकेपर्यंत घासावा. डाख मळक्या जागी कधीच धरत नाही; बहुतेक दुरुस्त्या फसतात त्या इथेच. नंतर फ्लक्स लावावे. ६०-४० प्रमाणाचा डाख सुमारे १९० अंश सेल्सिअसला वितळतो. त्यासाठी जाड तांब्याच्या टोकाचे सोल्डरिंग आयर्न वापरावे. रेडिओ दुरुस्तीचे छोटे आयर्न पुरत नाही. ज्योत थेट धरू नये, शेजारचे सांधे सुटतात. जागा इतकी तापवावी की डाख तिला टेकताच पसरेल. वरून नुसता गोळा बसवला, तर तो हादऱ्याने निघतो.

थंड झाल्यावर उरलेले फ्लक्स धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे, नाहीतर ते धातू खाते. पुन्हा हौदात बुडवून तपासावे, मगच रेडिएटर बसवावा. काम उघड्यावर करावे, डोळ्यांना चष्मा लावावा. शिसे विषारी आहे. जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत.

नळ्या अनेक ठिकाणी कुजल्या असतील, तर मात्र डाखावर खर्च न करता रेडिएटरच्या नळ्यांचा भाग बदलावा.