उरलेले सोळा तास



चालकांचे पत्र आले तेव्हा ते नम्रपणे परत करावे असे प्रथम आमच्या मनात आले. विषय दिला होता, नित्याच्या जीवनात शरीर आणि मन धड कसे राखावे. हा विषय डॉक्टरांचा किंवा व्यायामशिक्षकांचा. आम्ही पडलो कामगार संघटनेचे कार्यकर्ते. शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात, कामगारांच्या खोल्यांत आणि वाटाघाटींच्या टेबलाशी. पण मग विचार केला, की गेली तीस वर्षे आम्ही ज्यासाठी भांडत आलो ती गोष्ट तरी दुसरी कोणती? मजुरी मागायची ती धड जेवता यावे म्हणून. सुट्टी मागायची ती धड झोपता यावे म्हणून. तेव्हा हा विषय आमचाही आहे, असे समजून आज येथे उभे आहोत.

रविवारची सुट्टी आपल्याला आज पंचांगाइतकी जुनी वाटते. ती तशी नाही. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी आठवड्याची नेमकी सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्याने १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून, हजारो सह्यांचा अर्ज करून ती मागितली, आणि १८९० च्या जून महिन्यात गिरणीमालकांनी ती मान्य केली. हेच लोखंडे १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करता करता वारले. कामगाराची सुट्टी आणि कामगाराचे आरोग्य या दोन गोष्टी त्यांनी कधी निराळ्या मानल्या नाहीत.

पुढे १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आपला पहिलाच करार केला तो आठ तासांच्या दिवसाचा. आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना कारखान्यांतील आठवड्याचे तास चोपन्नावरून अठ्ठेचाळीसवर आणण्याचे काम झाले आणि १९४६ मध्ये तसा कायदा झाला. आठ तास काम म्हणजे सोळा तास शिल्लक. त्यांतले आठ झोपेचे धरले, तर आठ माणसाच्या स्वतःचे. आरोग्याची सारी पुस्तके या उरलेल्या सोळा तासांसाठी लिहिलेली असतात. ज्याच्यापाशी ते तासच नाहीत, त्याने ती पुस्तके कधी वाचावीत आणि कधी आचरावीत?

आता आमच्याच हातून झालेली एक चूक सांगतो. ती सांगितल्यावाचून पुढचे बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही.

इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावांत पाळी बहुतेक ठिकाणी आठ तासांची नसते, बारा तासांची असते. मजुरी विणलेल्या कापडावर, पिकावर मोजतात. माग थांबला की मजुरी थांबली. एका कारखान्यात बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही भांडून जादा कामाला दुप्पट दर मिळवला. कायद्यात तो होता, पदरात नव्हता. त्या दिवशी संघटनेच्या कचेरीत पेढे वाटले. आमच्या गळ्यात हार पडला.

त्या कारखान्यात एक मागवाला होता. चार माग सांभाळी. वय बेचाळीस. मुलीचे लग्न काढलेले आणि उचल फिटायची होती. दुप्पट दर झाल्यावर तो मिळेल ती जादा पाळी घेऊ लागला. आम्ही त्याचे कौतुक केले. सभेत त्याचे उदाहरण दिले, की बघा, कष्टाळू माणूस कराराचा लाभ कसा घेतो! झोप येऊ नये म्हणून तंबाखू, तंबाखूने तोंड कडू होते म्हणून चहा, आणि चहाने भूक मेली म्हणून जेवण नाही, असे त्याचे चालले होते. एके सकाळी रातपाळीहून आला आणि नळावर हात धुता धुता कोसळला. उजवे अंग गेले. इस्पितळात डॉक्टरांनी त्याच्या बायकोला विचारले, 'यांचा रक्तदाब कधी मोजला होता का?' तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही खाली पाहिले. तिसऱ्या दिवशी तो गेला.

आमच्या वहीत त्याची वर्गणी होती, खाडे होते, बोनसचा हिशेब होता. त्याचा रक्तदाब मात्र कोठेच नव्हता. दर मिळवला याचे आम्हांला आजही वाईट वाटत नाही. तो त्याचा हक्क होता. पण तासांवर मर्यादा न मागता नुसता दर मागितला, ही चूक आमची. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला पंचावन्न तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यास, पस्तीस ते चाळीस तास काम करणाऱ्याच्या मानाने, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक आणि हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्क्यांनी अधिक, असा त्याचा निष्कर्ष आहे. बारा तासांच्या सहा पाळ्या म्हणजे बहात्तर तास. जादा पाळी वेगळीच.

येथे कोणी म्हणेल, की तुमच्या कामगाराला व्यायामाचे काय सांगता? तो दिवसभर व्यायामच करतो. हा समज फार पसरलेला आहे, आणि त्यात अर्धे सत्य आहे म्हणूनच तो घातक आहे. डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसून, आणि वाहक जिन्यावरून सारखा वरखाली. हृदयविकार चालकांत अधिक आढळला, वाहकांत कमी. बैठे काम वाईट, हलते काम बरे, हे त्यावरून दिसते. आमच्या समोर बसलेल्या कारकून, शिक्षक, दुकानदार मंडळींनी ते मनावर घ्यावे.

पण हमालाचे आणि मागवाल्याचे काम निराळे. व्यायामात माणूस थोडा वेळ जोर करतो, सगळे अंग हलवतो, मग विश्रांती घेतो. दमला तर थांबतो. कामात तेच खांदे, तीच कंबर, तेच पाय तासन् तास राबतात आणि थांबण्याचा निर्णय त्याच्या हाती नसतो. पोते उचलताना चढलेला रक्तदाब उतरायला उसंत मिळत नाही. तालमीत विश्रांती हा व्यायामाचाच भाग असतो. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या मुलुखातल्या माणसाला हे नव्याने सांगायला नको. खासबागेचे मैदान तयार झाल्याला शंभरांवर वर्षे झाली. तेथे उतरणारा मल्ल मेहनत करतो तितकीच खुराकाची आणि झोपेची काळजी घेतो. झोप काढून घेतली तर पहिलवानाचाही हमाल होईल.

तेव्हा उभ्याने काम करणाऱ्याने पाळी संपल्यावर आणखी जोर काढण्याची घाई करू नये. पाच मिनिटे पाठीवर पडून पाय भिंतीला उंच टेकवावेत, मान, खांदे, कंबर मोकळी करावी. बसून काम करणाऱ्याने तासातून एकदा तरी उठावे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, धाप थोडी वाढेल पण बोलता येईल अशा चालीने चालावे. शिवाय दोन दिवस जोर, बैठका, वजन उचलणे असे स्नायूंना बळ देणारे काही करावे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचा प्रसार करीत, तो काही उगीच नव्हे. साडेतीन हात जागा आणि फुकटचा सूर्य एवढेच त्याला लागते.

आता झोप. रातपाळीच्या माणसाची झोप ही साऱ्या घराची जबाबदारी आहे. देहात एक घड्याळ असते आणि ते उजेडावर चालते. पहाटे तीन ते पाच या वेळेत ते माणसाला हमखास झोपेकडे ओढते; त्याच वेळी हात मशीनमध्ये जातो, गाडी रस्ता सोडते. सकाळी घरी आल्यावर तेच घड्याळ म्हणते, उठ, दिवस झाला. म्हणून खिडकीला काळे कापड लावा. पाळी संपण्याच्या आधीच्या काही तासांत चहा घेऊ नका. मध्यरात्रीचे जेवण हलके ठेवा. शेजाऱ्यांनी लाउडस्पीकर लावताना भिंतीपलीकडे कोण झोपले आहे याचा विचार करावा. आणि पाळ्या बदलायच्याच असतील, तर सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे पुढे बदलाव्यात. उलट्या क्रमाने बदलल्या तर देहाला जड जातात. ही मागणी मालकाला एका पैशाला पडत नाही. आम्ही ती दोन ठिकाणी मान्य करून घेतली आहे.

रक्तदाब हा मुका रोग आहे. डोके दुखेपर्यंत वाट पाहू नका. पुष्कळांचे शेवटपर्यंत दुखत नाही. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे पुन्हा पुन्हा येत असेल, तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. गोळी सुरू झाली आणि बरे वाटले म्हणून ती आपल्या मनाने सोडू नये. बरे वाटते ते गोळीमुळेच. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण सारे आले. तंबाखूविषयी काय सांगावे? महाराष्ट्रात गुटख्याला २०१२ साली बंदी झाली. पण तंबाखू सुटायला कायद्याबरोबर सोबतीही लागतो. एकट्याने सोडलेली पुडी चौथ्या दिवशी परत येते. चौघांनी मिळून सोडली तर निदान दोघांची सुटते, हा आमचा अनुभव आहे.

भगिनींविषयी वेगळे बोलले पाहिजे. पुरुषाची पाळी भोंग्याला संपते. बाईची दुसरी पाळी घरात सुरू होते. आठ तासांचा हिशेब आम्ही सभांतून मांडतो तेव्हा चुलीपुढचे तास आम्ही कधी मोजले नाहीत. आमच्या एका सभेत एका कामगार बाईने उठून विचारले, 'दादा, पाणी भरपूर प्या म्हणता. पण कामाच्या जागी जायला मोरी नाही, मग पाणी प्यायचे कशाला?' ती दिवसभर तहानेली राहत होती. त्या दिवसापासून आमच्या मागण्यांच्या यादीत स्वच्छतागृह पहिल्या क्रमांकावर गेले. आणि घरातल्या पुरुषांना सांगतो, की तुम्ही अर्धा तास भांडी घासलीत तर तुम्हांला हालचाल घडेल आणि तिला विश्रांती मिळेल. एका कामात दोघांचे आरोग्य साधणारा असा व्यायाम दुसरा नाही.

शेवटी मन. कर्ज, आजार, सुटलेली नोकरी यांची चिंता रात्री छातीवर बसते. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि दोन लाखांवर कामगार बाहेर पडले. त्या संपाचा आर्थिक हिशेब पुष्कळांनी मांडला. पण सकाळी डबा घेऊन निघायची सवय असलेला माणूस रिकाम्या हातांनी घरात बसतो तेव्हा त्याचे काय होते, हा हिशेब फार थोड्यांनी मांडला. काम जाते तेव्हा पगाराबरोबर दिवसाची घडी जाते, चारचौघांत बसणे जाते. म्हणून ज्याचे काम गेले आहे त्याला पैशांच्या मदतीइतकीच बोलावण्याची गरज असते. तालीम, भजनी मंडळ, वाचनालय, संघटनेची कचेरी, कोठेही बोलवा. नेहमी येणारा माणूस येईनासा झाला, तर त्याच्या घरी जा. तो आळशी झाला असे समजू नका.

मन आजारी पडणे हा भेकडपणा नव्हे, आणि त्याला उपचार आहेत. सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरात टेलिमानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली; १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येते. हा क्रमांक आम्ही कचेरीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. पहिले काही आठवडे कोणी त्याकडे पाहिले नाही. मग एके दिवशी एकाने विचारले, 'माझ्यासाठी नाही, मित्रासाठी विचारतो.' आम्ही त्याला क्रमांक लिहून दिला आणि मित्र कोण हे विचारले नाही.

त्या मागवाल्याच्या मृत्यूनंतर आम्ही संघटनेच्या पैशातून रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र घेतले. दर सुट्टीच्या दिवशी कचेरीत टेबलावर ठेवतो. वर्गणीच्या वहीत नावापुढे एक रकाना वाढवला. पहिल्याच दिवशी ज्यांचा आकडा सर्वांत वर निघाला, ते आम्ही स्वतः होतो. दुसऱ्यांच्या आठ तासांसाठी भांडताना आम्ही चार तास झोपत होतो आणि त्याची फुशारकी मारत होतो. आता ती मारत नाही. रात्री दहानंतर आमचा दूरध्वनी बंद असतो, आणि संघटना बुडालेली नाही.

तुम्ही म्हणाल, आरोग्य ज्याचे त्याच्या हाती की समाजाच्या? आमचे उत्तर असे. मीठ किती घालावे हे आपल्या हाती आहे. पाळी किती तासांची असावी हे एकट्याच्या हाती नाही. पहिल्यासाठी निश्चय पाहिजे, दुसऱ्यासाठी संघटना पाहिजे. नुसता निश्चय सांगणारा माणूस गरिबाला दोष देतो, आणि नुसती संघटना सांगणारा आमच्यासारखा पेढे वाटून मोकळा होतो. दोन्ही करावे लागेल.

आज येथून घरी जाताना एवढेच करा. ज्याचा रक्तदाब मोजून वर्ष झाले आहे त्याने या आठवड्यात तो मोजावा, आणि येताना शेजारच्या एकाला बरोबर घ्यावे. आमच्या कचेरीतले यंत्र सर्वांसाठी आहे. वर्गणी भरली आहे की नाही हे आम्ही विचारत नाही.