लक्ष्मीबाईंची वेगळी चूल

विषय जाहीर झाला होता ‘ख्रिस्ती शिष्यत्व आणि चांगला शिक्षक’. पाथर्डीच्या वसंत व्याख्यानमालेत त्या संध्याकाळी शाळामास्तर होते, चर्चची मंडळी होती, ऊसतोडीहून नुकती परतलेली माणसंही होती. मढीच्या नाथपंथी कानिफनाथांच्या तालुक्यात गुरू-शिष्य म्हणजे काय हे सांगायला नको, असं म्हणत वक्त्यांनी प्रस्तावना झटपट उरकली. येशूने शिष्यांचे पाय धुतले, हेही ‘तुम्हाला ठाऊकच आहे’ म्हणून मागे टाकलं. त्यांना नगर गाठायचं होतं.

ख्रिस्ताचा शिष्य घडवणाऱ्याने शिष्याला आपल्या ओंजळीने पाणी पाजू नये, हे त्यांचं ठाम मत. पहिला दाखला सिंथिया फरार यांचा. अमेरिकन मिशनच्या या बाई १८२७ साली मुंबईत आल्या आणि पुढे नगरला त्यांनी मुलींना शिकवलं. त्यांची शाळा पाहून जोतिराव फुले भारावले. त्यांच्या पत्नी सावित्रीबाईंनी फरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले. दोघांपैकी कुणीही ख्रिस्ती झालं नाही.

“पण शाळा धर्मांतरासाठीच होत्या ना?” मागून एकाने विचारलं. वक्त्यांचा आवाज चढला. मिशनने आपला हेतू कधी लपवला नव्हता, ते म्हणाले. प्रश्न इतकाच, की बाप्तिस्मा न घेणारीलाही फरारबाईंनी मनापासून शिकवलं की नाही?

मग दुसरा दाखला आला कवी नारायण वामन टिळकांचा आणि घड्याळ विसरलं गेलं. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना ते नंतर कळलं. त्या उद्ध्वस्त झाल्या, काही वर्षं नातलगांच्या आधाराने वेगळ्या राहिल्या. पुन्हा संसार सुरू झाला तेव्हाही सोवळं सुटलं नव्हतं, चूल वेगळीच होती. टिळक नगरच्या सेमिनरीत उपदेशक घडवत होते, पण घरच्या शिष्येवर त्यांनी सक्ती केली नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, हे लक्ष्मीबाईंना विचार करून आपणच उमगलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या निर्णयाने.

“इतकी वर्षं वाट पाहणारा नवरा दाखवा आमच्या गावात!” बायकांच्या रांगेतून आवाज आला आणि सभागृह हसलं. दुसरीने लगेच विचारलं, “आधी बायकोला विचारलं होतं का त्यांनी?”

“नाही विचारलं,” वक्ते म्हणाले. तिथे टिळक चुकले, लक्ष्मीबाईंनी सोसलं, आणि ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी ते सोसणं झाकून ठेवलेलं नाही. ज्या शिष्येला गुरूच्या चुका मोकळेपणाने लिहिता येतात, तिला त्या घरात मोकळा श्वास मिळाला असला पाहिजे. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केलं.

चिठ्ठी आली: पाच मिनिटं. टिळकांच्या कीर्तनांवरचा सगळा भाग राहिला. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला, बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा दिली, एवढं वक्त्यांनी घाईने सांगितलं.

शेवटचा प्रश्न रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्या तरुणीचा होता: मुलं वचनं पाठ करतात, पण विचारत काहीच नाहीत, काय करू? पुढच्या रविवारी पाठांतर बाजूला ठेवा, वक्ते म्हणाले, आणि शिष्य पेत्राने येशूकडून पाय धुऊन घ्यायला आधी नकार का दिला, ते मुलांनाच विचारा.