जुनीं कौलें, नवी इमारत

(आमच्या धर्मग्रामाच्या सुवर्ण ज्युबिलीच्या सभेंत झालेलें भाषण)



ज्युबिलीचें स्मारक म्हणून जुना हॉल पाडून त्या जागीं नवा उभारण्याचें आपण ठरविलें आहे. नवा हॉल कसा दिसावा याविषयीं पुष्कळ चर्चा झाली; परंतु जुन्याचें काय करावयाचें, हें अद्याप कोणींच विचारलेलें नाहीं. तेंच विचारण्याची परवानगी आम्ही आज मागतों.

आपल्या वसईंत या प्रश्नाचें उत्तर ठरलेलें आहे. ट्रक येतो, रॅबिट भरून नेतो, आणि रात्रीं कोठल्या तरी खाजणांत ओतून मोकळा होतो. हें सांगतांना आम्हांस लाज वाटते. कारण आमच्या स्वतःच्या जुन्या घराचें रॅबिट असेंच गेलें, व तें कोठें गेलें हें आम्हीं त्या वेळीं विचारलें नाहीं. खाजण म्हणजे पडीक जागा नव्हे. भरतीचें व पावसाचें पाणी तेथें पसरतें, थबकतें आणि ओहोटीबरोबर खाडीस जातें. ती जागा भरली कीं तेंच पाणी आपल्या वाड्यांत शिरतें. सन २०१८ च्या जुलैंत नालासोपाऱ्याचे रूळ बुडाले, मिठागरांतील कुटुंबें पाण्यानें वेढलीं गेलीं, हें कोणी विसरलें नसेल. त्याचा सर्व दोष रॅबिटावर घालणें न्यायाचें होणार नाहीं; पाऊसहि तसाच पडला होता. पण पाण्याची वाट आपण अडविली आहे, हें नाकारतां येत नाहीं.

नव्या मालाचीहि गोष्ट ऐका. चुनखडी व माती सुमारें १४५० अंश उष्णतेंत भाजून सिमेंट होतें. जळणाचा धूर निराळा, आणि चुनखडींतूनच सुटणारा कर्बवायु निराळा. मनुष्यमात्र जेवढा कर्बवायु हवेंत सोडतो, त्याचा शेंकडा ७ ते ८ भाग या एका धंद्याचा आहे.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, जुना हॉल फोडूं नये, उकलावा. मंगळुरी कौलें एकेक करून उतरवावीं. टिचकी मारतांच जें खणखणीत वाजेल, तें पुन्हा चढवितां येईल. सागवानी वाशांचे खिळे काढून रंधा मारला म्हणजे आंतून नव्यासारखें लांकूड निघतें. वाळवीनें खाल्लेलें टोंक तेवढें कापावें. भिंती चुन्यांत बांधलेल्या आहेत, हें आपलें भाग्य. चुना विटेहून मऊ, म्हणून वीट सबंध सुटते. सिमेंटांत बसविलेली वीट फुटेल, पण सुटणार नाहीं. नव्या भिंती बांधतांना मिस्त्रींनीं हें ध्यानीं घ्यावें. त्याहि कधीं कोणास उकलाव्या लागतील.

काँक्रीटचे जे तुकडे उरतील त्यांची खडी करावी. सन २०१६ च्या भारतीय मानकानें अशा खडीस साध्या काँक्रीटांत शेंकडा २५ पर्यंत, आणि सळयांच्या काँक्रीटांत, तेंहि एम २५ प्रतीपर्यंतच, शेंकडा २० पर्यंत मोकळीक दिली आहे. ही खडी पाणी अधिक पिते, म्हणून ती आधीं भिजवावी लागते. फुटक्या विटा आवारांतील वाटेखालीं घालाव्या. मात्र मागच्या पडवीवरचे अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे फोडूं नयेत, कापूं नयेत व पुन्हा वापरूंहि नयेत. त्यांची धूळ फुप्फुसांचा घात करते.

देवाच्या कामास जुना माल कां, असें कांहीं जण पुटपुटतात. असिसीकर संत फ्रान्सिस यांनीं सान दामियानोचें मोडकळीस आलेलें देऊळ दगड मागून आणून दुरुस्त केलें. त्यांचें नांव धारण केलेल्या पोप फ्रान्सिस यांनीं सन २०१५ च्या आपल्या परिपत्रकांत, वस्तु टाकून न देतां पुन्हा वापरणें हें प्रेमाचें कृत्य होऊं शकतें, असें लिहिलें आहे. उकलण्यास मजुरी अधिक पडेल व दिवसहि अधिक लागतील, हें आम्ही लपवीत नाहीं.

ठेकेदार मंगळवारीं जेसीबी घेऊन येणार आहे. तत्पूर्वीं, येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सानंतर, ज्यांस शक्य असेल त्यांनीं कौलें उतरविण्यास यावें. शिड्या आहेत, हातमोजे आपापले आणावे. कौलें शाळेच्या व्हरांड्यांत उभीं रचावयाचीं आहेत.