दवाखान्याचं सॉफ्टवेअर: कोटेशनमध्ये न दिसणारा खर्च

आज आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या गोटातलं थोडं बाहेर सांगतो. मी स्वतःच इंजिनिअर आहे, त्यामुळे चालेल.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशकातच. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी नुकताच दवाखाना टाकला असेल, नाहीतर घरात कुणी डॉक्टर असेल. पेशंटचं रेकॉर्ड ठेवायचं सॉफ्टवेअर घ्यायचं म्हटलं की कोटेशन येतं. समजा, एका युजरला महिना १,००० रुपये. स्वस्त वाटतं ना? डॉक्टर, दोन नर्स, रिसेप्शन, मेडिकल असे ५ युजर धरा. वर्षाचे ६०,०००. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०,८००. व्यापाऱ्याला हा जीएसटी वळता करून घेता येतो. डॉक्टरला उपचारांपुरता तो येत नाही, कारण उपचारांवर जीएसटीच नाही. पाच वर्षांत ३,५४,००० झाले. जुने केसपेपर अजून आत चढवलेले नाहीत, लॅबचं मशीन जोडलेलं नाही, एसएमएसचे पैसे वेगळेच. रिसेप्शनवरची मुलगी सोडून गेली, तर नवीच्या ट्रेनिंगचे किती?

पण खरी मेख सॉफ्टवेअर सोडताना कळते. गंगापूर रोडवरच्या एका छोट्या हॉस्पिटलचा करार मी वाचत होतो. सेल्सवाला दहादा म्हणाला, "डेटा तुमचाच, सर." करारात काय, तर डेटा पीडीएफमध्ये मिळेल! आता हजारो पेशंटच्या पीडीएफ बघून नव्या सॉफ्टवेअरमध्ये कोण टाइप करत बसणार? मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे भरती पेशंटचं रेकॉर्ड ३ वर्षं ठेवायचं आणि मागितलं तर ७२ तासांत द्यायचं. कंपनीने लॉगिन बंद केलं असेल, तरी पेशंट डॉक्टरच्याच दारात येणार.

फुकट काही नाही का? आहे की. बाह्मनी ओपन सोर्स आहे, छत्तीसगडमधल्या गनियारीला जन स्वास्थ्य सहयोगच्या हॉस्पिटलात ते आधी वापरात आलं. लायसन्सला रुपया लागत नाही. सर्व्हर, बॅकअप आणि रात्री अडलं तर फोन उचलणारा माणूस मात्र तुमच्या खिशातून. दोन खोल्यांच्या क्लिनिकला मी ते सुचवणार नाही.

तेव्हा पाच वर्षांचा आकडा जीएसटीसकट आणि सोडताना डेटाचे किती, हे दोन्ही लेटरहेडवर लिहून घ्या. आणि डेमोलाच पाच खोटे पेशंट भरून तिथल्या तिथे एक्स्पोर्ट करायला सांगा. फाइल एक्सेलमध्ये उघडली, तारखा आणि औषधं वेगवेगळ्या रकान्यांत दिसली, तरच भाव करायला बसा.