मार्चचा हिशेब

नोकरदार घराचा खरा कस लागतो तो मार्च महिन्यात. आर्थिक वर्ष ३१ तारखेला संपतं, त्यामुळे आम्हा हिशेबनिसांना घरी यायला रात्रीचे नऊ वाजतात. दहावीची परीक्षा याच महिन्यात असते आणि यंदा धाकटी त्या परीक्षेला बसली आहे. त्यात उन्हं तापू लागली, की आईला उडदाच्या पापडांचे वेध लागतात.

यंदा आईची बोटं आखडली आहेत. पीठ कुटणं तिला जमत नाही. पण पापडखार किती, मिरी किती, हे तिच्याच हाताला ठाऊक. ते कधी कागदावर उतरलेलं नाही. म्हणून रविवारची सकाळ मी तिच्यासाठी राखून ठेवली. ती लाटी तेलात बुडवून चाखते, कमी-जास्त सांगते आणि मी लिहून घेतो.

पापड राखायला गच्चीवर बसलो, की माझं पक्षिनिरीक्षणही होतं. शेवग्याच्या वाळक्या फांदीत तांबट घरट्यासाठी भोक पाडतो आहे. शेजारी मुलीची उजळणी चालते. छंदाला वेगळा वेळ मिळाला नाही, तर तो असा कामाशेजारी बसवावा.

ताळेबंदाला ३१ मार्च ही तारीख ठरलेली आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातची मापं लिहून घ्यायला तशी तारीख नसते. तेवढं काम या गडबडीतच उरकून घ्या.